होळीच्या आधी एकदा, मृगाच्या आधी एकदा : खान्देशात लॉनमधलं तण उगवायच्या आतच कसं रोखायचं

दरवर्षी जुलैमध्ये ओळखीतले दोन-चार जण तरी विचारतातच की लॉनमध्ये गवत फार झालंय, कोणतं औषध मारू? आणि मी दर वेळी तेच सांगतो की भाऊ, आता नाही, हे तुम्ही फेब्रुवारीत विचारायला पाहिजे होतं. तेव्हा लॉन स्वच्छ असतं म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाही. पण तण दिसायला लागलं म्हणजे त्याची मुळं धरली गेलेली असतात, मग खुरपं घ्या, माणूस लावा, काहीही करा, तुम्ही मागेच राहणार. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, मी जळगावला राहतो, लॉन साधारण हजार फुटाचं आहे, पण धुळे-नंदुरबारकडेही हवामान जवळपास असंच, त्यामुळे तारखा थोड्या मागेपुढे करून चालतील.

आधी एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. लॉनमधलं बरंचसं तण हे एका हंगामाचं असतं, बियांपासून येतं, मोठं होतं, बी टाकतं आणि मरतं. घोळ, माठ, दुधी (चीक येणारी, भाजीची नाही), केना, गाजर गवत, आणि ते नाचणीच्या रोपासारखं चपटं बसणारं गवत, हे सगळे याच जातीचे. यांचं बी मातीच्या वरच्या एक-दोन इंचात पडून असतं आणि ऊब आणि ओल दोन्ही एकदम मिळाली की उगवतं. उगवणपूर्व तणनाशक, म्हणजे दुकानात सगळ्यात सहज मिळणारं पेंडीमिथॅलीन, हे काय करतं तर मातीच्या वरच्या थरात एक पातळ पडदा करून बसतं, बी फुटलं की त्याच्या कोवळ्या मुळाच्या आणि कोंबाच्या पेशींचं विभाजन थांबतं आणि ते वर येण्याआधीच खलास. उगवून आलेल्या तणाला याने जवळपास काहीच होत नाही. बरेच जण हेच चुकतात, हिरवं तण दिसतंय म्हणून त्यावर पेंडीमिथॅलीन मारतात आणि मग म्हणतात औषध डुप्लिकेट होतं.

आता वेळेचं. इंटरनेटवर जे व्हिडिओ असतात ते बहुतेक अमेरिकेतले असतात आणि ते सांगतात अर्ली स्प्रिंगला मारा. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, तिथे थंडीत जमीन गोठते, मग वसंतात जमिनीचं तापमान वाढत वाढत ५५ फारेनहाइट म्हणजे साधारण १३ सेल्सिअसला पोचून काही दिवस तिथे टिकलं की त्यांचं ते क्रॅबग्रास उगवायला लागतं, म्हणून त्याच्या थोडं आधी औषध टाकायचं. तिकडे लोक फोरसिथिया नावाच्या झुडपाची पिवळी फुलं बघून अंदाज घेतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही, जानेवारीच्या पहाटे अंगात हुडहुडी भरली तरी दुपारी ऊन असतंच. त्यामुळे १३ चा आकडा इथे धरून बसलात तर काहीच कळणार नाही.

आपल्याकडे तणाला आत यायची दोन दारं आहेत. एक, थंडी उतरून ऊन तापायला लागतं तेव्हा. शेतात तेव्हा ओल नसते म्हणून तिथे फार काही उगवत नाही, पण लॉनला आपण पाणी देतच असतो ना, त्यामुळे तिथे ऊब आणि ओल दोन्ही फेब्रुवारीतच जमतात. दुसरं दार पहिल्या पावसाचं, आणि ते खरं मोठं दार. मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत भाजून निघालेली काळी जमीन, तिला पडलेल्या भेगा, त्यात वर्षभर उडून पडलेलं बी, आणि त्यावर मृगाचा पाऊस, आठ-दहा दिवसांत सगळं एकदम वर येतं.

म्हणून पहिला डोस महाशिवरात्रीच्या आसपास, तारखेत सांगायचं तर १५ फेब्रुवारी ते मार्चचा पहिला आठवडा, होळीच्या आत. सातपुड्याकडे जाणंयेणं असेल तर पळसाकडे लक्ष ठेवा, पळस लाल व्हायला लागला की समजा वेळ आली, मला तरी ही खूण कॅलेंडरपेक्षा बरी वाटते कारण एखाद्या वर्षी थंडी लांबते आणि पळसही थोडा थांबतो. दुसरा डोस रोहिणीत, म्हणजे २५ मे नंतर, मृग लागायच्या आत, मृग ७-८ जूनला लागतो. पहिला डोस पावसाळ्यापर्यंत पुरत नाही हे लक्षात ठेवा, तापलेल्या ओल्या मातीत हे औषध लवकर विरतं, माझ्या लॉनवर त्याचा जोर दीड-दोन महिने दिसतो, त्यापुढे नाही.

अजून एक युक्ती सांगतो, ही मी आपली आपण सुरू केली आणि आता दरवर्षी करतो. संक्रांत झाली की लॉनच्या तीन-चार ठिकाणची वरची माती खरवडून एका जुन्या पसरट घमेल्यात दोन बोटं जाडीची भरायची, उन्हात ठेवायची आणि रोज थोडं पाणी शिंपडायचं. घमेल्यातली माती जमिनीपेक्षा लवकर तापते त्यामुळे त्यातलं बी जमिनीतल्या बियाच्या काही दिवस आधी उगवतं. घमेल्यात पहिले कोंब दिसले की त्याच आठवड्यात फवारणी करायची. शिवाय कोणतं तण किती आहे तेही कळतं, दोन पानं मोठी होऊ द्या म्हणजे ओळखता येईल. हेच मे महिन्यात परत करा, तेव्हा मात्र घमेलं अर्ध्या सावलीत ठेवा नाहीतर माती वाळून दगड होते.

मापाकडे या आता, कारण अंदाजाने झाकण-दोन झाकण टाकणारे खूप आहेत. पेंडीमिथॅलीन ३० टक्के ईसी (पाण्यात मिसळणारं तेलकट द्रव) जे मिळतं त्याचं शेतातलं माप एकरी साधारण १.३ लिटर. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, तर हजार फुटाला येतात ३० मिली, शंभर फुटाला ३ मिली. बस एवढंच. लहान मुलांच्या औषधाचं मापाचं झाकण किंवा सिरिंज यासाठी वेगळी ठेवा आणि त्यावर मार्करने लिहून ठेवा, ती परत घरात कशालाच वापरायची नाही. ३८.७ टक्क्याचं सीएस प्रकारातलं (सूक्ष्म कुप्यांत बंद केलेलं औषध) पण मिळतं, त्याचं माप कमी असतं, म्हणून बाटली बघूनच हिशोब करा, वरचा ३० मिलीचा आकडा त्याला लावू नका. आणि हेही सांगून ठेवतो की आपल्याकडे बाटलीवर कापूस, सोयाबीन, गहू अशी पिकं लिहिलेली असतात, लॉन लिहिलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या वर्षी पूर्ण लॉनवर मारू नका, कोपऱ्यात दहा बाय दहाचा तुकडा घ्या, तीन-चार आठवडे बघा, मग ठरवा.

पाणी किती घ्यायचं? याचं उत्तर तुमच्या चालण्यावर आहे. पंपात आधी नुसतं साधं पाणी मोजून भरा, तणनाशकाचं कट नोझल (चपटा, पंख्यासारखा फवारा देणारं) लावा, आणि रोजच्या चालीने पूर्ण लॉनवर मारून बघा किती संपतं. माझं हजार फुटाला साडेपाच लिटर जातं. तेवढ्याच पाण्यात तेवढंच ३० मिली. पुढे मारत जाऊ नका, मागे मागे सरकत मारा म्हणजे फवारलेल्या जागेवर पाय पडत नाही. हे औषध पिवळंजर्द असतं, चप्पल, फरशी, पांढरी भिंत, काहीही पिवळं करतं, पोर्चच्या कडेला जुनी पोती टाकून घ्या. हातमोजे आणि मास्क पाहिजेच. मुलं आणि कुत्रं दिवसभर तरी तिकडे नको, पाणी देऊन लॉन परत वाळेपर्यंत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यात मी स्वतः पहिल्या वर्षी पूर्ण फसलो. फवारल्यानंतर पाणी द्यावंच लागतं. मी शनिवारी संध्याकाळी अगदी मन लावून फवारणी केली आणि म्हटलं रविवारी नळ येईल तेव्हा पाणी देऊ, तर त्या वेळी पाइपलाइनचं काम निघालं आणि चार दिवस नळच आला नाही, टाकीतलं पाणी घरालाच पुरेना. वर कोरडं ऊन, गरम हवा. पेंडीमिथॅलीन वरच्या वर पडून राहिलं की उन्हाने आणि वाऱ्याने उडून जातं, मातीत उतरतच नाही. त्या वर्षी होळीनंतर घोळ अशी आली की भाजीला विकावी. तेव्हापासून नियम केलाय, आधी टाकी भरलेली पाहिजे, मगच पंप पाठीवर. फवारल्यावर साधारण अर्धा इंच पाणी द्यायचं, म्हणजे हजार फुटाला साधारण बाराशे लिटर, छतावरची हजार लिटरची एक टाकी आणि वर थोडं म्हणा ना. अर्धा इंच झालं की नाही ते बघायला श्रीखंडाचे रिकामे डबे तीन-चार ठिकाणी ठेवतो आणि पट्टी घालून मोजतो. पाणी त्याच संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी. धो धो सोडू नका, औषध वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं, स्प्रिंकलर किंवा झारीच्या तोंडाचा पाइप बरा. रोहिणीत मारत असाल तर आकाश बघा, वळवाची सर हलकी आली तर तुमचं पाणी वाचलं, पण मोठा पाऊस सांगितला असेल तर थांबा.

फवारणी संध्याकाळी करा, ऊन उतरल्यावर आणि वारा पडल्यावर. जमीन वाफशावर असावी, म्हणजे ना चिखल ना धूळ. आणि त्याच्या आधी एक-दोन दिवस लॉन कापून, कापलेलं गवत आणि वाळलेली पानं दाताळ्याने ओढून काढा, नाहीतर औषध त्या पाचोळ्यावरच बसतं, मातीला लागत नाही. आमच्याकडे कडुनिंबाची पानगळ नेमकी याच दिवसात असते त्यामुळे हे काम टाळता येत नाही. फवारल्यानंतर मात्र दाताळं, खुरपं, काहीही लावायचं नाही, वर सांगितलेला पडदा फाटला की त्या फटीतून तण येणार.

कोणत्या लॉनवर हे करायचं नाही ते पण वाचा. लावून तीन महिने झाले नसतील तर अजिबात नाही, नवीन मुळं धरायलाच देत नाही हे औषध. कुठे टक्कल पडलंय आणि तिथे नवीन गवत लावायचंय तर तो तुकडा सोडून मारा. देशी हरळी, सिलेक्शन नंबर वन, मेक्सिकन, हे जुनं जमलेलं असेल तर सहन करतं. हरळीवरून आठवलं, माझ्या आजीने लॉन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती उंबऱ्यातच थांबून म्हणाली होती, "आरे, हाई ते हरळी शे! पैसा दीसन काबरं आनी?" (अरे, ही तर हरळी आहे, पैसे देऊन कशाला आणली?) आयुष्यभर कपाशीतून हरळी काढत आली बिचारी. पण तिच्या त्या बोलण्यात एक मोठी गोष्ट आहे, जी हरळी कपाशीला दाबते तीच दाट राहिली तर इतर तणालाही दाबते, त्यामुळे लॉन दाट ठेवणं हे निम्मं काम आहे. फार खाली कापू नका, उन्हाळ्यात दीड-दोन इंच राहू द्या. गाजर गवतासारखी बारीक बी उजेड मिळाला की जोरात उगवतात, दाट सावलीत कमी. खत पण हरळी थंडीतून उठून हिरवी व्हायला लागल्यावरच द्या, त्याआधी दिलं तर ते तणाच्या तोंडी जातं. हजार फुटाला एक किलो युरिया, तो पण दोन वेळा विभागून, पंधरा दिवसांच्या अंतराने, वरून लगेच पाणी.

लव्हाळ्याबद्दल वेगळं सांगायलाच हवं कारण निम्मे लोक तणाच्या नावाने लव्हाळ्यालाच रडत असतात. लव्हाळा बियापेक्षा गाठीवरून येतो, जमिनीखाली एकाला एक जोडलेल्या गाठींची माळ असते, वरचं पान उपटलं की खालची गाठ परत फुटते. पेंडीमिथॅलीनचा त्या गाठींवर काहीच परिणाम नाही, कितीही वेळेवर मारा. त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे उगवल्यानंतरचं औषध आहे, सेम्प्रा नावाने मिळतं, लव्हाळा तीन ते पाच पानांचा असताना मारायचं. पण त्याचं माप एकरी ३६ ग्रॅम आहे, म्हणजे हजार फुटाला एक ग्रॅमही नाही, सोनाराचा काटा असल्याशिवाय ते मोजता येत नाही, म्हणून चमच्याने अंदाजाने कधीच टाकू नका. हेही आपल्याकडे ऊस-मक्यासाठी आहे, तेव्हा इथेही आधी छोट्या तुकड्यावर. लव्हाळा थोडाच असेल तर वाफशावर कुदळीने गाठीसकट खोल काढा, आणि काढलेली गाठ कंपोस्टमध्ये नाही, उन्हात फरशीवर, मे महिन्याचं ऊन आहे कशाला.

तो लव्हाळा येतो कुठून तर आपणच आणतो. नदीची वाळू, नर्सरीची लाल माती, धरणातला गाळ, यात गाठी आणि बी दोन्ही येतं. कच्चं शेणखत तर विचारूच नका, जनावराने खाल्लेलं बी पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि उगवतं. शेणखत पूर्ण कुजलेलं, भुरभुरीत, वास नसलेलंच घ्या. मी आता वाळू आणली की थोडी घमेल्यात भिजवून दहा-बारा दिवस बघतो आणि मगच लॉनवर टाकतो.

नवीन लॉन करायचं असेल तर आपल्या उन्हाचा एक खरा फायदा आहे, तो घ्या. एप्रिलमध्ये, आखाजीच्या आसपास, जागा सपाट करून, ढेकळं फोडून, खोल पाणी द्या आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीत गच्च दाबून टाका. काळं नाही, पारदर्शकच, त्यातून ऊन आत जातं आणि आतली माती जास्त तापते. चार ते सहा आठवडे तसंच राहू द्या. १९७६ मध्ये इस्रायलमध्ये जाकोव्ह काटान यांनी ही पद्धत मांडली, आपल्याकडचा मे महिना तर त्यासाठीच केल्यासारखा आहे. वरच्या थरातलं बरंच बी शिजून जातं. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मात्र याने मरत नाहीत, त्या आधीच खणून काढा. प्लॅस्टिक काढल्यावर जमीन परत खोल खणू नका, खालचं जिवंत बी वर येईल, हलकी वरवर चाळवा आणि पाऊस स्थिरावला की लॉन लावा.

आता एक कळकळीची विनंती. रुंद पानाच्या तणासाठी दुकानदार टू-फोर-डी देतात आणि ते हरळीला मारत नाही हे खरं आहे. पण आपल्याकडे बागायती कापूस मे अखेरपासूनच लागतो, शहराला लागून शेतं आहेत, आणि कापसाइतकं टू-फोर-डीला नाजूक पीक क्वचितच असेल. नुसती वाफ किंवा तुषार वाऱ्याने गेला तरी कपाशीची पानं बोटांसारखी लांबट, आकसलेली होतात, फुलं-पात्या गळतात. तोच पंप नीट न धुता पुढे कपाशीला कीटकनाशकासाठी वापरला तरी तेच. माझ्या चुलतभावाच्या दोन ओळी अशाच गेल्या, पंप मी नेऊन दिला होता, तेव्हापासून माझ्या घरी तणनाशकाचा पंप वेगळा आहे, त्याला लाल पट्टी बांधलेली आहे आणि तो कोणालाही देत नाही. अंगणातली तुळस, गुलाब, टोमॅटो यांनाही तेच लागू. म्हणून मी तर लॉनवर टू-फोर-डी वापरतच नाही, दोन डोस वेळेवर पडले तर जे चुकार तण राहतं ते हाताने निघतं.

पंप धुतलेलं पाणी नालीत, विहिरीजवळ, नदीकडे सोडू नका, पेंडीमिथॅलीन माशांना फार विषारी आहे. ते पाणी लॉनवरच परत फवारून टाका. आणि नळीला लावून फवारणीचं यंत्र जोडत असाल तर नळीचं तोंड औषधाच्या भांड्यात बुडवून ठेवू नका, पाणी उलटं ओढलं जातं.

चुकार तणात गाजर गवत दिसलं तर ते बाकी सगळं सोडून आधी काढा, फूल यायच्या आत, हातमोजे घालून, कारण त्याने अंगावर खाज-पुरळ येते आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना तर आणखी. एक झाड पंधरा-पंचवीस हजार बी सहज टाकतं. कंपाउंडच्या बाहेर नालीकडेला जे उभं असतं ते पण काढा, ते आपलं नाही म्हणून सोडलं की वाऱ्याने आणि पाण्याने तेच आत येतं. आमच्या गल्लीत आम्ही चार घरं मिळून पोळ्याच्या आधी एक रविवार हेच करतो.

एक वही ठेवा. पळस कधी फुलला, घमेल्यात पहिला कोंब कोणत्या तारखेला आला, कधी मारलं, पाणी किती दिलं, पहिला पाऊस कधी. माझ्या वहीत मागच्या तीन वर्षांत फेब्रुवारीची तारीख जवळपास अकरा दिवसांनी पुढेमागे झालेली आहे. तुमच्या लॉनची तारीख तुमच्याच वहीतून निघेल, माझ्या नाही, तुमच्याकडे सावली जास्त असेल, आंब्याखाली जमीन उशिरा तापते, तिथे आठ-दहा दिवस नंतर मारलं तरी चालतं. यंदा घमेलं कालच भरून गच्चीवर ठेवलंय.